लिंक्ड सर्व्हरवरची प्रोसीजर की मेसेज क्यू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. औषधांच्या घाऊक वितरणाचा व्यवसाय. मुख्य कार्यालय पुण्यात. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर धरून आठ डेपो. प्रत्येक डेपोत स्वतःचा एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस). मुख्य कार्यालयातल्या स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले, तिथेच चालणारे प्रोग्रॅम) लिंक्ड सर्व्हरवरून, म्हणजे एका डेटाबेस सर्व्हरला दुसऱ्याशी जोडणाऱ्या सोयीतून, डेपोंच्या टेबलांत थेट लिहितात: एका डेपोतून दुसऱ्या डेपोत माल पाठवणं, दरबदल, एखादी बॅच रोखणं. एका डेपोची लाइन गेली की बाकीच्यांचंही काम अडतं. नव्याने आलेला आर्किटेक्ट म्हणतो, हे सगळं काढा आणि काफ्का (मेसेज पोचवणारी एक मोठी प्रणाली) बसवा. जुने डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) म्हणतात, चालू प्रोसीजरला हात लावू नका. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही अर्धं ऐका. एका डेटाबेसच्या आत जे एकत्रच व्हायला हवं, ते प्रोसीजरमध्ये राहू द्या. डेटाबेसची हद्द ओलांडली की मेसेज क्यू: निरोप रांगेत ठेवायचा, पलीकडचा जमेल तेव्हा उचलेल. आणि या दोहोंचा जिथे सांधा येतो तिथे सगळ्यात जास्त डोकं लावा, कारण अशा बदलात गाडं नेमकं तिथेच अडतं. काफ्का तुम्हाला आत्ता लागेल असं मला वाटत नाही. का ते पुढे येईलच.

प्रोसीजरची बाजू आधी मांडतो, कारण हल्ली तिला कोणी वाली उरलेला नाही. 'बिझनेस लॉजिक डेटाबेसमध्ये नको' हे वाक्य मंडळी पाठ करून येतात, पण प्रोसीजर मुळात कशासाठी आल्या हे विसरतात. सायबेसने १९८७ मध्ये त्या बाजारात आणल्या (मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर त्याच घराण्यातला), तेव्हा त्रास नेटवर्कचा होता, आणि तो आजही संपलेला नाही. तुमचं एक बिल घ्या. आधी ज्या बॅचची मुदत लवकर संपते ती शोधायची, स्टॉक कमी करायचा, दुकानदाराची उधारीची मर्यादा बघायची, बिलाचा क्रमांक घ्यायचा, बिल आणि त्याच्या ओळी लिहायच्या. वीसेक स्टेटमेंट सहज होतात. ॲप्लिकेशनमधून एकेक पाठवलं आणि प्रत्येक फेरीला १ मिलिसेकंद धरलं, तर नुसत्या जाण्यायेण्यात २० मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ बिल क्रमांकाच्या ओळीवर लॉक (इतरांना ती बदलू न देणारं कुलूप) बसून राहिला, तर त्या मालिकेत सेकंदाला ५० च्या वर बिलं निघूच शकत नाहीत. तेच काम सर्व्हरच्या आत २ मिलिसेकंदांत उरकलं तर मर्यादा ५०० वर जाते. हे कागदावरचं गणित आहे, तुमच्या यंत्रांवर आकडे वेगळे येतील, पण कल हाच राहील.

दुसरी गोष्ट म्हणजे, एका डेटाबेसच्या आतल्या ट्रान्झॅक्शनमध्ये (अनेक बदल मिळून एकच मानलेल्या कामात) 'अर्धं झालं' ही अवस्थाच नसते. बिल निघालं आणि स्टॉक कमी झाला नाही, असं घडू शकत नाही. ही हमी फुकटात मिळते आहे. ती सोडून बिलिंग सर्व्हिस वेगळी, स्टॉक सर्व्हिस वेगळी आणि मध्ये क्यू असा संसार थाटलात, तर तीच हमी हाताने पुन्हा बांधत बसावं लागेल. एकाच डेपोतल्या बिलिंगसाठी क्यू आणायला माझा स्पष्ट नकार.

प्रोसीजरवरचे आक्षेप खोटे नाहीत. दोन हजार ओळींची प्रोसीजर, आत कर्सर (ओळी एकेक करून चाळणारा कोड), टेस्ट नाही, कोणती आवृत्ती कुठे चालू आहे याचा पत्ता नाही. पण हा शिस्तीचा प्रश्न आहे. स्क्रिप्ट गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवा, डिप्लॉयमेंट हाताने करू नका, रिपोर्टचं फॉरमॅटिंग आणि एसएमएसचा मजकूर प्रोसीजरमधून बाहेर काढा. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता हद्दीबाहेर जाऊ. लिंक्ड सर्व्हरवरून लिहिणारी प्रोसीजर दिसायला अगदी आतल्या प्रोसीजरसारखीच असते, आणि घात तिथेच होतो. टेबलाच्या नावाआधी फक्त सर्व्हरचं नाव लागतं, पण पडद्यामागे एमएसडीटीसी नावाचा मध्यस्थ उभा राहतो आणि टू-फेज कमिट, म्हणजे दोन टप्प्यांत बदल कायम करणं, सुरू होतं. तो पुणे आणि कोल्हापूर दोघांनाही आधी विचारतो, 'तयार आहात?' कोल्हापूर 'हो' म्हणतं, तसं आपल्या लॉगमध्ये लिहितं, आणि त्या क्षणापासून स्वतःच्या अधिकारात काहीही ठरवण्याचा हक्क गमावतं. कमिट (कायम करा) की रोलबॅक (पूर्ववत करा), हा निरोप पुण्याहून यायचा असतो. नेमकी तेव्हाच लाइन गेली की कोल्हापूर 'इन-डाउट' अवस्थेत अडकतं. त्या ओळींवरचे लॉक सुटत नाहीत. काउंटरवरचा माणूस त्याच बॅचचं बिल करायला जातो आणि स्क्रीन गोल गोल फिरत राहते. त्याला पुण्याशी काही देणंघेणं नाही; माल त्याच्या मागच्या रॅकवर आहे, गिऱ्हाईक समोर उभं आहे.

तुमच्या डीबीएंनी उणे दोन क्रमांकाचं सेशन पाहिलं असणार. असं अनाथ झालेलं वितरित ट्रान्झॅक्शन एसक्यूएल सर्व्हर त्या क्रमांकाने दाखवतो. नेहमीसारखा सेशन नंबर देऊन ते मारता येत नाही, त्याचा लांबलचक युनिट ऑफ वर्क आयडी शोधून द्यावा लागतो. आणि मारताना कमिट करायचं की रोलबॅक, हे तिथे बसलेला माणूस ठरवतो. पुण्याला फोन लागला तर विचारून, नाहीतर अंदाजाने. म्हणजे ज्या अचूकतेसाठी ही सगळी यंत्रणा उभी केली, तिचा शेवटचा निर्णय अंदाजावर येऊन ठेपतो.

यात उपलब्धतेचा हिशेबही मांडून बघा. समजा पुण्याचा सर्व्हर आणि प्रत्येक डेपो ९९.५ टक्के वेळ चालू व पोचण्याजोगा असतो. दोघांना धरून होणारं ट्रान्झॅक्शन साधारण ९९ टक्के वेळा शक्य होईल. नऊही ठिकाणी एकदम लिहिणारं, तुमच्या दरबदलासारखं, ट्रान्झॅक्शन मात्र ९५.६ टक्क्यांवर येतं. डेपो वाढवाल तसा आकडा खाली जाईल, आणि एकही यंत्र पूर्वीपेक्षा वाईट झालेलं नसताना जाईल.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तुम्ही शेवटी उल्लेखलेल्या कामात आहे: बॅच रोखणं. एखादी बॅच दर्जाला उतरत नाही असं कळलं, ती सगळीकडे लगेच थांबवायची आहे. तुमची सध्याची प्रोसीजर नऊ ठिकाणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये 'विक्री बंद' असा खूण-रकाना भरते. सोलापूरची लाइन गेली असेल तर काय होतं? सगळं रोलबॅक. म्हणजे सोलापूरशी बोलता आलं नाही म्हणून नागपूर, नाशिक, कोल्हापूर सगळे ती बॅच विकत राहिले. 'सगळं किंवा काहीच नाही' हा नियम बिलाला तारतो आणि इथे मारतो. या कामाला हवंय ते असं: जिथे पोचता येईल तिथे ताबडतोब रोखा, बाकीच्यांकडे पोचेपर्यंत प्रयत्न करत राहा, आणि कोणाची पोच अजून आली नाही त्यांची यादी पुण्यात कोणाच्या तरी डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे तो फोन उचलेल. यातली पहिली दोन कामं कोणतीही मेसेज क्यू करते. तिसरं, पोच न आलेल्यांची यादी, ती करत नाही. ते टेबल तुम्हालाच बांधायचं आहे. अनेकजण ते विसरतात आणि 'मेसेज टाकलाय' म्हणून निश्चिंत होतात.

डेपोंमधल्या माल बदलीचं बघू. पुण्यातून ४० खोकी कोल्हापूरला पाठवायची. तुमची प्रोसीजर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पुण्याचा स्टॉक ४० ने कमी करते आणि कोल्हापूरचा ४० ने वाढवते. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, पण वस्तुस्थितीला धरून नाही! टेंपो अजून कात्रजच्या घाटातही पोचलेला नसतो आणि कोल्हापूरच्या स्क्रीनवर ४० खोकी विक्रीला तयार दिसतात. तुमच्या गोडाऊनमधल्या माणसाला हे पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून तर तो डिलिव्हरी चलान बनवतो आणि पलीकडचा माणूस माल मोजून सही करतो. मध्ये 'वाटेत असलेला माल' हा खाते-प्रकार अकाउंटंटकडेही आहे. नाही तो फक्त सॉफ्टवेअरमध्ये.

म्हणून ते असं मांडा. पुण्याची प्रोसीजर, स्थानिक ट्रान्झॅक्शनमध्ये, विक्रीयोग्य स्टॉक ४० ने कमी करते, 'वाटेत' खात्यात ४० जमा करते, आणि 'माल निघाला' असा मेसेज नोंदवते. कोल्हापूर तो मेसेज मिळाल्यावर 'येणे' दाखवतं. माल प्रत्यक्ष मोजल्यावर कोल्हापूरची प्रोसीजर आपल्या स्थानिक ट्रान्झॅक्शनमध्ये ३९ जमा करते, १ खोकं फुटलं अशी नोंद घेते, आणि 'मिळाला: ३९, तूट: १' असा मेसेज परत पाठवते. पुणे 'वाटेत' खातं रिकामं करतं. एका वितरित ट्रान्झॅक्शनच्या जागी चार छोटी स्थानिक ट्रान्झॅक्शन आली, प्रत्येक प्रोसीजरमध्येच. फुटलेलं खोकं नोंदवायला जुन्या मांडणीत जागाच नव्हती, हा वरचा फायदा.

या पद्धतीला सागा म्हणतात. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये हे नाव दिलं: लांब व्यवहाराचे तुकडे करा, आणि पुढचा तुकडा फसला तर मागचा उलटवणारी नोंद आधीच ठरवून ठेवा. पॅट हेलंड यांनी २००७ मध्ये वितरित ट्रान्झॅक्शनशिवाय मोठ्या प्रणाली कशा उभ्या राहतात यावर लिहिलं, त्याचाही रोख हाच.

हे पुस्तकी वाटत असेल तर खिशातला फोन काढा. यूपीआयने पैसे पाठवताना तुमची बँक आणि समोरच्याची बँक यांच्यात कोणतंही सामाईक ट्रान्झॅक्शन नसतं. एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या खात्यावर लॉक धरून बसणं कोणी मान्य करणारच नाही. एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या) स्विचमधून मेसेज जातात: तुमच्या खात्यातून वजा करा, त्यांच्या खात्यात जमा करा. वजा झालं आणि जमा होऊ शकलं नाही, तर रोलबॅक नसतो. उलट नोंद होते, रक्कम परत जमा होते. आणि जमेचं उत्तरच वेळेत आलं नाही, तर व्यवहार 'पेंडिंग' दिसतो, कारण टाइमआउट म्हणजे 'झालं नाही' असं नसून 'झालं की नाही ते माहीत नाही' असं असतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात या अवस्थेला मुदत घातलेली आहे: पैसे वजा झाले पण समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करायचे, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. मधली अवस्था, तिची मुदत, आणि मुदत उलटल्यावर काय करायचं, हे तिन्ही लिहून ठेवलेलं आहे. तुमच्या 'वाटेत' खात्यालाही हे तीन हवेत. पुणे–कोल्हापूर माल दोन दिवसांत पोचून मोजला गेला नाही तर कोणाला कळवायचं, हे आत्ताच ठरवा. तुमच्या संचालकांना ही पद्धत पटवून द्यायची झाली तर यूपीआयचा दाखला द्या, सागाचं नाव काढू नका.

आता सांध्याकडे येतो.

पहिली गोष्ट, प्रोसीजरने स्टॉक कमी करून कमिट केलं आणि मग ॲप्लिकेशनने क्यूवर मेसेज टाकला, असं कधीही करू नका. या दोहोंच्या मधोमध सर्व्हर बसला तर स्टॉक गेला आणि मेसेज नाही. उलट क्रम लावलात तर मेसेज गेला आणि स्टॉक तसाच. क्रम कसाही लावा, फट राहतेच. उपाय जुना आहे: त्याच डेटाबेसमध्ये आउटबॉक्स नावाचं टेबल ठेवायचं, आणि स्टॉक बदलणाऱ्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात मेसेजची ओळ घालायची. दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. मग एक वेगळा छोटा प्रोग्रॅम आउटबॉक्स वाचून मेसेज पुढे पाठवतो.

इथे एक खाचखळगा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण टेस्टिंगमध्ये तो जवळजवळ कधीच दिसत नाही. आउटबॉक्सला आयडेंटिटी कॉलम (आपोआप वाढता क्रमांक देणारा रकाना) असतो, आणि वाचणारा प्रोग्रॅम 'मागच्या वेळी कुठपर्यंत वाचलं' तो आकडा लक्षात ठेवून त्यापुढच्या ओळी उचलतो. सरळ वाटतं. पण आयडेंटिटीचा आकडा ओळ घालताना मिळतो, कमिट होताना नाही. पहिल्या ट्रान्झॅक्शनला १०१ मिळाला, दुसऱ्याला १०२. दुसरं आधी कमिट झालं. वाचणारा स्नॅपशॉट पद्धतीने (फक्त कमिट झालेलं दिसेल असं) किंवा लॉक असलेल्या ओळी टाळून वाचत असेल तर त्याला १०२ दिसला, त्याने 'आता १०२ पर्यंत झालं' असं लिहून ठेवलं. मग पहिलं कमिट झालं. १०१ कडे आता कोणीही परत बघणार नाही. मेसेज हरवला, कुठेही एरर नाही, आणि महिन्याभराने स्टॉक जुळत नाही म्हणून आरडाओरडा. '१०१ येईपर्यंत थांबू' म्हणाल तर तेही चालत नाही, कारण रोलबॅक झालेला आकडा कधीच येत नाही. म्हणून आकडा लक्षात ठेवू नका. प्रत्येक ओळीवर 'पाठवलं' अशी खूण ठेवा आणि खूण नसलेल्या ओळी उचला. एकाच बॅचच्या मेसेजांचा क्रम टिकावा म्हणून प्रोसीजरमध्ये आधी स्टॉकच्या ओळीवर लॉक घ्या, आउटबॉक्सची ओळ त्यानंतर घाला. म्हणजे त्याच बॅचला हात लावणारं दुसरं ट्रान्झॅक्शन पहिल्याच्या कमिटपर्यंत थांबेल आणि त्याचा आकडा आपसूक नंतरचा येईल.

घेणाऱ्याच्या बाजूला हीच गोष्ट आरशात. मेसेज दोनदा येणारच, हे धरूनच चाला. कोल्हापूरने नोंद केली, कमिट झालं, आणि पोच देण्याआधी लाइन गेली, तर पाठवणारा पुन्हा पाठवणार. त्याला दुसरा मार्ग नाही. म्हणून इनबॉक्स टेबल ठेवा, त्यात मेसेजच्या आयडीवर युनिक की लावा. मेसेज आला की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी आयडी इनबॉक्समध्ये घाला, मग स्टॉक बदला. दुसऱ्यांदा आला तर युनिक की अडवेल, तेव्हा काही न करता फक्त पोच द्या. पोच नेहमी कमिटनंतर. हे सगळं एक प्रोसीजर उत्तम करते. मेसेजिंगवाल्यांनी प्रोसीजरला नाकं मुरडायचं कारण नाही.

दरबदल दोनदा लागला तरी बिघडत नाही, कारण 'दर इतका करा' हे कितीदाही करता येतं. 'स्टॉक ४० ने वाढवा' हे नाही. पण दरबदलाला वेगळा आजार आहे: उशिरा पोचलेला जुना मेसेज नव्या दरावर बसू शकतो. म्हणून प्रत्येक दराबरोबर आवृत्ती क्रमांक पाठवा आणि हातातल्यापेक्षा जुनी आवृत्ती आली तर सोडून द्या. शिवाय 'लागू दिनांक' घाला. तुमच्या धंद्यात हे सोपं आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ प्रमाणे शेड्यूल्ड औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर १ एप्रिलला बदलतात. हा दिवस कॅलेंडरवर ठरलेला आहे. नवे दर हातात पडताच डेपोंना पाठवून ठेवले, तर ३१ मार्चच्या मध्यरात्री नऊ सर्व्हर एकदम जागे हवेत ही अटच उरत नाही.

'काफ्कात एक्झॅक्टली-वन्स (प्रत्येक मेसेज नेमका एकदाच लागू होण्याची हमी) आहे की' असं आर्किटेक्ट म्हणेल. आहे. २०१७ च्या ०.११ आवृत्तीपासून आहे. पण ती हमी काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती. तुमच्या एसक्यूएल सर्व्हरमधलं टेबल त्या कुंपणाच्या बाहेर आहे. इनबॉक्स तरीही लागेलच.

मग क्यू कोणती? काफ्का लिंक्डइनमध्ये जन्मला, २०११ मध्ये ओपन सोर्स झाला. तो बनवणाऱ्या तिघांपैकी एक नेहा नारखेडे, पुण्याच्याच पीआयसीटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या. (त्याच्याही कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, वॉल स्ट्रीटच्या ट्रेडिंग फ्लोअरवर मेसेज बस (एकाचा मेसेज अनेकांपर्यंत नेणारा सामाईक मार्ग) नेली ती मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवेंनी. या विषयात आपली माणसं कमी नाहीत.) लिंक्डइनची गरज होती वापरकर्त्यांच्या हालचालींचा प्रचंड प्रवाह, एकच घटना अनेक विभागांना वाचायला द्यायची, आणि लागली तर मागे जाऊन पुन्हा वाचायची. तुमच्याकडे आठ डेपो आहेत, बहुतेक मेसेजला एकच घेणारा आहे. काफ्कात क्रमाची हमी फक्त एका पार्टिशनपुरती (प्रवाहाच्या एका तुकड्यापुरती) असते, आणि त्यातला एक खराब मेसेज कन्झ्युमरला (वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) पचला नाही तर मागचे सगळे खोळंबतात, ही सोय-गैरसोय समजून घेणारा माणूस रात्री हजर लागतो. उद्या विश्लेषण, ॲप, विमा, सरकारी रिपोर्टिंग असे पाचसहा वाचणारे एकाच घटनेवर आले, तर जरूर आणा.

आज तुमच्या घरातच एक क्यू पडून आहे. सर्व्हिस ब्रोकर एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून आत बसलेला आहे. त्यात मेसेज टाकणं हे तुमच्या ट्रान्झॅक्शनचाच भाग असतं, म्हणजे आउटबॉक्स वेगळा बांधावा लागत नाही. एका संवादातला क्रम तो पाळतो. लाइन गेली तर मेसेज धरून ठेवतो. तुम्ही तो नकळत वापरतही असाल: डेटाबेस मेल त्याच्यावरच चालतो, म्हणून तर ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं की त्यातला ईमेलही जात नाही. प्रोसीजरमधून बाहेरच्या जगाशी बोलायचं तर मेसेज टाकून बोला, हे उत्तर मायक्रोसॉफ्टने तेव्हाच देऊन ठेवलं होतं. दोन गोष्टी सांभाळा. डेपोत एक्सप्रेस आवृत्ती असेल तर दोन एक्सप्रेस एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, मध्ये पूर्ण आवृत्ती लागते. पुण्यात ती असेल तर प्रश्न मिटला. आणि एकच मेसेज ओळीने पाच वेळा रोलबॅक झाला की ब्रोकर ती क्यूच बंद करून टाकतो. म्हणून न पचणारा मेसेज तिसऱ्या फेरीत बाजूच्या टेबलात टाकून पुढे जायचं, आणि त्या टेबलावर रोज कोणीतरी नजर टाकायची. सर्व्हिस ब्रोकरची माणसं मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. ती जड वाटली तर आउटबॉक्स टेबल आणि रॅबिटएमक्यू (वेगळी बसवायची एक मेसेज क्यू) ही जोडीही तुमच्या आकाराला पुरेशी आहे.

टेबलालाच क्यू म्हणून वापरणं कमीपणाचं आहे असं मात्र समजू नका. डेटाबेस संशोधक जिम ग्रे यांनी १९९५ मध्येच 'क्यू म्हणजे डेटाबेसच' असा मुद्दा मांडला होता. रिकव्हरी, लॉकिंग, सुरक्षा, चौकशी, हे सगळं क्यूलाही लागतं, आणि डेटाबेसने ते आधीच सोडवलेलं आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रीडपास्ट, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून स्किप लॉक्ड: दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची उचला, एवढं जमलं की अनेक कामगार-प्रोग्रॅम एकाच टेबलावर एकमेकांच्या पायात न येता काम करतात.

क्यू आणली की क्षमता वाढते, असा एक गैरसमज आहे. सेकंदाला २५० मेसेज येतायत आणि कन्झ्युमर २०० उरकतोय, तर तासाभरात १,८०,००० मेसेज तुंबले. पुढे आवक १०० वर आली तरी तुंबलेलं निपटायला अर्धा तास. क्यू चढउतार सोसते, कायमची तूट सोसत नाही. म्हणून मॉनिटरवर 'किती मेसेज पडलेत' यापेक्षा 'सगळ्यात जुना मेसेज किती वेळ पडलाय' हा आकडा लावा. दहा हजार मेसेज दोन सेकंदांचे असतील तर काळजी नाही. तीनच असून सकाळपासूनचे असतील तर कुठेतरी काहीतरी मेलेलं आहे.

एक अडचण तुम्ही विचारली नाहीत, पण येईल. नाशिकचा सेल्समन विचारतो, 'नागपूरला हे इंजेक्शन आहे का?' आत्ता लिंक्ड सर्व्हरवरून थेट क्वेरी जाते, आणि जॉइन वाकडा लागला तर पलीकडचं आख्खं टेबल ओढून आणते. मेसेजांवर गेल्यावर प्रत्येक डेपो आपला स्टॉक बदल प्रसृत करेल आणि बाकीचे आपल्याकडे त्याची प्रत ठेवतील. ती प्रत काही सेकंद, कधी लाइन गेल्यामुळे काही तास जुनी असेल. बघण्यापुरती चालेल, तिच्या शेजारी 'शेवटचं अपडेट' ही वेळ छापा. पण माल राखून ठेवायचा तर ते फक्त नागपूरची प्रोसीजर ठरवेल, कारण माल तिचा आहे. नाशिक 'राखून ठेवा' असा मेसेज पाठवेल आणि उत्तर येईपर्यंत ऑर्डरची अवस्था 'थांबलेली' राहील. सेल्समन कुरकुर करतील. त्यांना सांगा की आत्ताही स्क्रीन अडकतेच, फक्त कारण दिसत नाही.

क्रम असा ठेवा. आधी दरबदल हलवा. एकतर्फी आहे, पुन्हा लागला तरी चालतो, चुकलं तर लगेच दिसतं. मग बॅच रोखणं, पोच-यादीसकट. खरं तर घाई याचीच आहे, पण पाइप एकदा चालवून बघितल्याशिवाय त्यावर जोखमीचं काम नको. दोन आठवडे जुनी पद्धत आणि नवी शेजारी चालवा. माल बदली शेवटी, कारण तिथे सॉफ्टवेअरबरोबर गोडाऊनमधली पद्धतही बदलते आणि 'वाटेत' खात्यासाठी अकाउंटंटना आधी बसवावं लागेल. रोज रात्री एक जॉब लावा: पुण्याच्या 'वाटेत' खात्यातली प्रत्येक ओळ पलीकडच्या डेपोच्या 'येणे' नोंदीशी जुळते का, जुळत नसेल तर किती दिवसांपासून. हा जॉब लिंक्ड सर्व्हरवरून फक्त वाचत असेल तर माझी हरकत नाही. एखाद्या रात्री लाइन नसली तर दुसऱ्या रात्री चालेल. डेपोंवर लिहिण्याचे अधिकार लिंक्ड सर्व्हरच्या लॉगिनवरून काढून घ्या, आणि ते काढल्यावर आठवडाभरात कोणती विसरलेली प्रोसीजर फुटते ते बघा. एखादी तरी निघतेच, बहुधा वर्षअखेरच्या कामाची, म्हणून हे मार्चमध्ये करू नका.